संगणक अडवतो तेव्हा जोर लावू नये



आपल्या वार्तापत्रात या जागी बहुधा निकाल, शिस्त, वाचनाची आवड किंवा मराठी भाषेची काळजी यांवर लिहिले जाते. या अंकासाठी आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. तो दिसायला तांत्रिक आहे आणि संगणक कक्षापुरताच आहे असेही कोणाला वाटेल. परंतु वरच्या वर्गांतील मुलामुलींशी, त्यांच्या पालकांशी आणि संगणकांचा खर्च मंजूर करणाऱ्या विश्वस्तांशी, सर्वांशीच त्याचा संबंध आहे. विषय असा : संगणकातील पॅकेज मॅनेजर एखादा प्रोग्राम बसवायला नकार देतो, तेव्हा त्याला बाजूला सारून तो प्रोग्राम जबरदस्तीने बसवावा का?

आमचे मत आहे की बसवू नये. त्याची कारणे पुढे मांडत आहोत.

आपल्या कक्षातील संगणकांवर लिनक्स आहे. लिनक्सवर नवीन प्रोग्राम बसवण्याचे, अद्ययावत ठेवण्याचे आणि काढून टाकण्याचे काम पॅकेज मॅनेजर करतो. जुन्या संस्थानी वाड्यात कोठीवर एक कारकून असे. कोणता जिन्नस कुठे ठेवला आहे, तो कोणाकडे जातो आणि तो संपला तर कोणाची चूल अडेल, हे त्याच्या वहीत असे. पॅकेज मॅनेजर म्हणजे असाच वही सांभाळणारा कारकून समजावा. १९९३ साली इयन मरडॉक यांनी डेबियन सुरू केले आणि १९९४ पासून तेथे डीपीकेजी हा प्रोग्राम हे काम करू लागला. रेड हॅटने १९९५ मध्ये आरपीएम आणला. लागणाऱ्या सगळ्या वस्तू स्वतः शोधून आणणारा एपीटी डेबियनच्या १९९९ च्या आवृत्तीबरोबर आला. सी-डॅक ही १९८८ साली पुण्यात सुरू झालेली सरकारी संस्था. तिने २००७ मध्ये आणलेले बॉस लिनक्सही डेबियनवरच उभे आहे. म्हणजे ही व्यवस्था आज तीस वर्षांची जुनी, पुष्कळ हातांनी घासूनपुसून घेतलेली आहे.

आता या कारकुनाची गरज काय, तर कोणताही प्रोग्राम एकटा नसतो. आपल्याच उपयोगाचे उदाहरण घेऊ. लिब्रेऑफिसमध्ये आपण मराठी मजकूर लिहितो. अक्षरे दिसण्यासाठी टंक लागतो. ज्याची देखभाल रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयात वर्षानुवर्षे झाली तो लोहित टंक पुष्कळांच्या परिचयाचा असेल. पण टंक असून भागत नाही. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' ही जोडाक्षरे पडद्यावर नीट जुळावीत म्हणून हार्फबझ नावाची लायब्ररी लागते. कळफलकावरून मराठी उमटावी म्हणून आयबस आणि त्याच्या जोडीला एम-सेव्हन्टीन-एन लागते. आणि या सगळ्यांच्या खाली जी-लिबसी नावाची एक मूळ लायब्ररी असते, जिच्यावाचून बहुतेक कोणताच प्रोग्राम पाऊल टाकू शकत नाही. प्रत्येक पॅकेजच्या आत एक चिठ्ठी असते : मला अमुक लागते, त्याची आवृत्ती किमान अमुक हवी, आणि तमुक माझ्याबरोबर नांदू शकत नाही. या चिठ्ठीतल्या गरजांना डिपेंडन्सी म्हणतात. आपण मराठीत अवलंबन म्हणू. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, तेथे निर्भरता म्हणतात. आत्मनिर्भर हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो, पण संगणकाच्या जगात आत्मनिर्भर प्रोग्राम विरळाच.

एक लायब्ररी अनेकांनी मिळून वापरायची, हे देवासच्या लोकांना समजावून सांगायला नको. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोन बंधूंपासून येथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन घराणी झाली आणि १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन संस्थाने नांदली. दोन दरबार, दोन कारभार. टेकडी मात्र एकच. धारचेही राजघराणे पवारांचेच, पण तेथे गावाची अशी वाटणी नव्हती. ज्या गावात दोघांचे सामाईक आहे तेथे एकाने आपल्या सोयीने काही बदलले, तर त्याची झळ दुसऱ्याला लागणारच. संगणकातही असेच असते. नव्या प्रोग्रामला एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती हवी असते, जुन्या प्रोग्रामला जुनी. दोघांना एकदम खूश करता येत नसेल तर पॅकेज मॅनेजर थांबतो आणि सांगतो की हे मला जमणार नाही, कारण अमुक.

या ठिकाणी मुले अधीर होतात. इंटरनेटवर शोधले की कोणीतरी एक ओळीचा उपाय सांगितलेला असतो. आरपीएमला 'नोडेप्स' हा पर्याय जोडा. डीपीकेजीला 'फोर्स-डिपेंड्स' सांगा. एकाच नावाची फाइल दोन पॅकेजांत असेल तर 'फोर्स-ओव्हरराइट' सांगा. ओळ टाइप केली की तक्रार बंद होते, प्रोग्राम बसतो आणि मुलगा विजयी मुद्रेने म्हणतो, "बघा, चालला ना!"

पण त्या ओळीने नेमके काय केले? जी लायब्ररी हवी होती ती आणली का? नाही. आवृत्त्यांचे भांडण मिटवले का? तेही नाही. त्या ओळीने फक्त विचारणे बंद केले. भिंतीला ओल आली म्हणून तिच्यावर दिनदर्शिका टांगावी तसा हा प्रकार आहे. प्रोग्रामला जे लागते ते लागतेच. फरक इतकाच की ते नाही ही गोष्ट आता बसवताना कळणार नाही, तर वापरताना कळेल. आणि तीही बहुधा दुसऱ्याच कोणाला.

हे कसे घडते याचा अनुभव आपल्या शाळेत मागच्या सत्रात आला. स्नेहसंमेलनाची चित्रफीत जोडण्यासाठी अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी एक प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवला. तो आपल्या संगणकांवरील आवृत्तीपेक्षा नव्या आवृत्तीसाठी बनलेला होता. पॅकेज मॅनेजरने रीतसर नकार दिला, तेव्हा त्यांनी जोर लावून तो बसवला. प्रोग्राम उघडला, काम झाले, संमेलनही छान झाले. मुलांचा हेतू चांगलाच होता, म्हणून येथे नावे घेण्याचे कारण नाही. पुढे त्याच संगणकावर मराठीच्या मॅडमना या वार्तापत्राचा मजकूर टाइप करण्यासाठी मराठी कळफलक बसवायचा होता. एपीटीने तो बसवायला साफ नकार दिला. संदेशात कळफलकाबद्दल अवाक्षर नव्हते. त्या चित्रफितीच्या प्रोग्रामची अवलंबने अपुरी आहेत, आधी ती नीट करा, एवढेच होते. मॅडमना त्या नावाचा अर्थ कसा लागावा? नंतर पाहिले तर त्या दिवसापासून संगणकाची सुरक्षेची अद्ययावतेही अडून राहिली होती. आमच्या संगणक शिक्षकांनी तो प्रोग्राम काढला आणि दहा मिनिटांत सर्व सुरळीत झाले. पण मॅडमचे दोन दिवस गेले.

या प्रसंगात सगळा विषय आला आहे असे आम्हांस वाटते. जोर लावणारा वेगळा, त्रास भोगणारा वेगळा. चूक घडल्याचा दिवस वेगळा, ती दिसल्याचा दिवस वेगळा. आणि जी वही सर्वांच्या उपयोगाची होती, तिच्यात एकाने चुकीची नोंद करायला लावल्याने पुढचे सगळे व्यवहार थांबले. एपीटी अशा वेळी हटून बसतो तो खोडसाळपणा नव्हे. ज्याची वही जुळत नाही त्याने पुढचा माल कसा द्यावा?

आपल्या कक्षात झाले ते लहान प्रमाणावर. मोठ्या जाणकारांच्या बाबतीतही हेच घडले आहे. सेंटओएस नावाच्या लिनक्सवर यम हा पॅकेज मॅनेजर होता आणि तो स्वतःच पायथन भाषेत लिहिलेला होता. सेंटओएस ६ मध्ये पायथनची आवृत्ती जुनी, म्हणून पुष्कळांनी ती हटवून तिच्या जागी नवी बसवली. परिणाम असा की यमच चालेनासा झाला. आता दुरुस्तीसाठी पॅकेज आणायचे कोणाकडून? ज्या फांदीवर बसलो तीच तोडण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, ती येथे अक्षरशः खरी झाली.

दुसरे उदाहरण २०२१ च्या नोव्हेंबरमधले. कॅनडातील लायनस सेबॅस्टियन हे यूट्यूबवर संगणकांविषयी बोलणारे प्रसिद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी पॉप ओएस या लिनक्सवर खेळांसाठीचा स्टीम हा प्रोग्राम बसवायला घेतला. त्या वेळी वितरकांकडूनच पॅकेजांच्या आवृत्त्यांत गोंधळ झाला होता. खिडकीतल्या दुकानाने बसवायला नकार दिला. मग त्यांनी टर्मिनलमधून एपीटीला आज्ञा दिली. एपीटीने यादी दाखवली की हे बसवायचे तर डेस्कटॉपची पॅकेजे काढावी लागतील, यात धोका आहे, आणि खरोखर करायचे असेल तर संमतीचे एक पूर्ण वाक्य टाइप करा. त्यांनी ते टाइप केले आणि थोड्याच वेळात डेस्कटॉप नाहीसा झाला. काळ्या पडद्यावर अक्षरे तेवढी उरली.

या प्रसंगात मूळ दोष वितरकांचा होता, हे मान्य केले पाहिजे. पण थांबवणारा दोनदा थांबवत होता आणि दोन्ही वेळा त्याचे म्हणणे बरोबर होते. पुढे एपीटी लिहिणाऱ्यांनी त्यात बदल केला. आता मूळ आवश्यक पॅकेजे काढण्याचा बेत नुसते वाक्य टाइप करून मंजूर होत नाही, त्यासाठी वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. माणूस घाईत वाचत नाही हे त्यांनी ओळखले.

अवलंबनाची साखळी किती लांब असते हे २०१६ मध्ये जगाला दिसले. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारातून अझर कोचुलू या प्रोग्रामरने एका वादानंतर २२ मार्चला आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. त्या ११ ओळींवाचून जगभरातील असंख्य प्रकल्प बनेनासे झाले. सुमारे दोन तासांत एनपीएमला ते पॅकेज परत ठेवावे लागले. येथे जबरदस्ती कोणी केली नव्हती. पण आपण कशावर उभे आहोत हे बहुतेकांना त्या दिवशी प्रथमच कळले. 'याची काय गरज आहे, सोडून द्या' असे म्हणताना हे लक्षात ठेवावे.

आमच्या वयाच्या पालकांना विंडोज ९८ चे दिवस आठवत असतील. सीडीवरून नवा खेळ बसवला की छपाईचा प्रोग्राम बंद पडायचा. कारण सामाईक डीएलएल फाइल नव्या प्रोग्रामने आपल्या सोयीच्या आवृत्तीने बदललेली असायची. तेथे वही सांभाळणारा कोणी नव्हता. या त्रासाला तेव्हा डीएलएल हेल असे नावच पडले होते आणि विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टला महत्त्वाच्या फाइलींना पहारा बसवावा लागला. ज्या दुखण्यावर औषध म्हणून पॅकेज मॅनेजर आहे, तेच दुखणे आपण जोर लावून पुन्हा घरी आणतो.

आता दुसरी बाजू. काही विद्यार्थी म्हणतात, "सर, जुगाड करणे ही तर आपली हुशारी आहे." जुगाडाला आमचा विरोध नाही. माळव्यात पंप, मोटार, थ्रेशर दुरुस्त करणारे कारागीर आपण पाहतो, त्यांच्या बुद्धीला नमस्कारच केला पाहिजे. पण त्यांचा जुगाड काय करतो? जो भाग मिळत नाही त्याच्या जागी दुसरा चालेल असा भाग घडवून बसवतो. 'नोडेप्स' काहीच घडवत नाही. भाग नाही, तरी आहे असे लिहून घेते. पहिल्यात कौशल्य आहे. दुसऱ्याला आम्ही खोटी नोंद म्हणू.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जोर लावण्याचे पर्याय वाईटच असतील तर ते बनवले कशाला? उत्तर असे की ते दुरुस्तीसाठी आहेत. कधी पॅकेज बनवणाऱ्याचीच चिठ्ठी चुकलेली असते. कधी अर्धवट बसलेले पॅकेज सोडवायचे असते. ज्याला चिठ्ठी वाचता येते, परिणाम माहीत आहेत आणि मागे परतण्याची वाट ज्याने राखली आहे, त्याने ते जरूर वापरावेत. डीपीकेजीची माहितीपुस्तिकाही हे पर्याय जाणकारांसाठीच आहेत आणि न समजता वापरल्यास सगळी प्रणाली मोडू शकते असे बजावते. कुलूप तोडण्याची हत्यारे कुलूपवाल्याकडे असतातच. म्हणून घरातल्या प्रत्येकाने ती वापरावीत असे होत नाही.

पायथन शिकणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांना हा प्रश्न रोजच येतो. डेबियन १२ ही आवृत्ती १० जून २०२३ रोजी आली. तेव्हापासून तेथे पिप या आज्ञेने प्रणालीच्या पायथनमध्ये थेट काही बसवता येत नाही; हा भाग पॅकेज मॅनेजरच्या ताब्यात आहे असे सांगून पिप थांबते. याला बगल देणाऱ्या पर्यायाचे नावच 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असे ठेवले आहे. प्रणाली मोडण्याची परवानगी देतो, असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असूनही मुले ते जसेच्या तसे उतरवून घेतात. खरा मार्ग याहून अवघड नाही. व्हेन्व्ह वापरून आपल्या प्रकल्पासाठी वेगळे आभासी वातावरण करावे. त्यात हवी ती आवृत्ती आणावी. मोडले तर ते एक फोल्डर पुसावे आणि पुन्हा करावे. दुसऱ्या कोणाच्या कामाला धक्का लागत नाही.

इतरही सरळ वाटा आहेत. उतरवलेली डेब फाइल डीपीकेजीला न देता एपीटीच्या हाती द्यावी, म्हणजे तिला लागणाऱ्या वस्तू तो स्वतः आणतो. नवा प्रोग्राम जुन्या प्रणालीवर हवा असेल तर फ्लॅटपॅक किंवा स्नॅपच्या रूपात मिळतो का ते पाहावे. ते आपल्या बहुतेक गरजा बरोबर घेऊन येतात. जागा जास्त खातात, पण शेजाऱ्याला त्रास देत नाहीत. आणि होकार देण्याआधी एपीटी दाखवतो ती यादी वाचावी, विशेषतः काय काढले जाणार आहे ती ओळ. एक छोटा प्रोग्राम बसवण्यासाठी चाळीस पॅकेजे निघणार असतील तर तेथेच थांबून विचारावे.

शेवटी विश्वस्त मंडळींशी दोन शब्द. लिनक्स सारखे बिघडते, त्यापेक्षा पैसे देऊन दुसरी प्रणाली घ्यावी, असे मत काही पालकांनी आणि सदस्यांनी मांडले आहे. आम्ही त्या मताचा आदर करतो. पण बिघाड कशाने झाला हे पाहिल्याशिवाय खर्च करू नये. सगळ्यांना प्रशासकाचा पासवर्ड माहीत आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशा कक्षात कोणतीही प्रणाली टिकणार नाही. म्हणून आम्ही पुढील व्यवस्था सुचवतो.

१. प्रशासकाचा पासवर्ड फक्त संगणक शिक्षकांकडे असावा.

२. प्रत्येक संगणकाची एक नोंदवही असावी. काय बसवले, केव्हा, कोणासाठी, हे तिच्यात लिहावे.

३. पॅकेज मॅनेजरने नकार दिल्यास विद्यार्थ्याने तो संदेश जसाच्या तसा वहीत उतरवून शिक्षकांना दाखवावा. संदेश उतरवताना अर्धा अर्थ आपोआप लागतो.

४. कक्षातील एक जुना संगणक प्रयोगासाठी राखून ठेवावा. त्यावर मुलांनी खुशाल जोर लावावा, मोडावे, का मोडले ते शोधावे आणि पुन्हा उभे करावे. त्यावर कोणाचेही महत्त्वाचे काम ठेवू नये.

चौथी सूचना काही जणांना विचित्र वाटेल, पण आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मुलांची जिज्ञासा बांधून ठेवण्याची आमची इच्छा नाही. जे मोडून पाहतात तेच पुढे दुरुस्त करतात. फक्त मोडण्याची जागा आपली असावी, सामाईक नसावी.

विद्यार्थ्यांनो, संगणक नकार देतो तेव्हा त्याखाली कारण लिहिलेले असते. ते वाचायला दोन मिनिटे लागतात. इंग्रजी अवघड वाटली तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. पालकांनीही घरी मुलाने "बसत नव्हते, पण बसवले" असे सांगितले तर शाबासकी देण्याआधी, का बसत नव्हते, एवढे अवश्य विचारावे.

वरील सूचनांवर पालक आणि विद्यार्थ्यांनी आपली मते कार्यालयात लेखी द्यावीत. विश्वस्तांच्या पुढील बैठकीत ती या प्रस्तावाबरोबर ठेवली जातील.

— प्राचार्य